ओळखीची चोरी आणि शिक्षकाची राखण

(ढाणकी येथे परिसरातील प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

पैनगंगेच्या खोऱ्यातील एखाद्या तांड्यावरचे अथवा वाडीवरचे घर क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. घरातील कर्ती माणसे ऊसतोडीला बाहेरच्या जिल्ह्यांत गेलेली आहेत. मागे राहिली आहेत ती आजी आणि चौथीत शिकणारा नातू. दुपारी आजीचा मोबाइल वाजतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, आजीचे नाव घेतो, तिच्या बँकेचे नाव सांगतो आणि म्हणतो, “आजी, तुमच्या निराधारच्या पैशांचे खाते बंद पडणार आहे. आता मोबाइलवर एक निरोप येईल, त्यातले आकडे तेवढे सांगा.” आजीला अक्षरओळख नाही. ती नातवाला हाक मारते, “पाय बरं बाळा, काय लिवलं हाय त्यात.” नातू शाळेत वाचनात पहिला आहे. तो उभा राहून, शाळेत धडा वाचावा तसे, सहाही आकडे स्पष्ट उच्चारात मोठ्याने वाचून दाखवितो. आजीला नातवाचे कौतुक वाटते. थोड्या वेळाने खाते रिकामे झालेले असते.

ह्या प्रसंगात कोणी कुलूप फोडले नाही की भिंतीला खिंडार पाडले नाही. मुलाने जे केले ते शाळेने शिकविलेलेच केले. वाचावयास शिकविणे हे शाळेचे आद्य कर्तव्य होय आणि ते शाळेने चोख बजावले. परंतु काय वाचून दाखवावे व काय वाचून दाखवू नये, हा धडा पाठ्यपुस्तकात नव्हता. तो धडा कोणी द्यावयाचा, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

तोतयाची जुनी परंपरा

दुसऱ्याची ओळख चोरून आपला लाभ साधणे ही गोष्ट नवी नाही. मराठी भाषेत त्यासाठी ‘तोतया’ असा नेमका शब्द पूर्वीपासून आहे, आणि त्या शब्दामागे इतिहास आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. तथापि त्यांच्या मृत्यूविषयी पुष्कळांच्या मनांत संशय राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनाही पती परत येतील अशी आशा वाटत राहिली. ह्या संशयाचा आणि आशेचा फायदा घेऊन उत्तरेकडील एका कनोजी ब्राह्मणाने ‘मीच तो भाऊ’ असे सांगण्यास आरंभ केला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो खोटा ठरला व कैदेत पडला. परंतु पुढे पेशवाईत दुही माजली, तेव्हा १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून तो बाहेर पडला. ज्या अधिकाऱ्याकडे त्याच्या बंदोबस्ताचे काम होते, त्याच अधिकाऱ्याचे त्याला पाठबळ मिळाले. पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याच्या ताब्यात गेले. अखेरीस त्याच वर्षी त्याचा पाडाव होऊन पुण्यात त्याला देहदंड झाला.

इतिहासाच्या तासाला ही कथा मुलांना सांगताना तिच्यातील दोन गोष्टी शिक्षकाने आवर्जून दाखवाव्यात. पहिली ही की, तोतया लोकांच्या भोळेपणावर जगत नाही. तो लोकांच्या आशेवर आणि भीतीवर जगतो. भाऊ परत यावेत असे ज्यांना मनापासून वाटत होते, तेच प्रथम फसले. दुसरी ही की, राखणदारानेच दार उघडले, तर किल्ल्याच्या भिंती कितीही भक्कम असोत, त्यांचा उपयोग होत नाही. अडीचशे वर्षांनंतर साधने बदलली. ह्या दोन गोष्टी मात्र तशाच राहिल्या आहेत.

आजची ओळख म्हणजे काय

पूर्वी गावात माणसाची ओळख माणसेच देत. अमक्याचा मुलगा, तमक्या वाड्यातला, अमुक साली नदीला पूर आला तेव्हा जन्मलेला, एवढे सांगितले की काम भागे. तोतयाला तेव्हा चेहरा, चालणे, बोलणे आणि जुन्या आठवणी, सर्वच उसने घ्यावे लागे. भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांच्या साक्षीने तो उघडा पडू शकत असे. आज साक्ष माणसाची नव्हे, तर अंकांची होते. आधारचे १२ अंक, पॅन क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, मोबाइलवर येणारा ओटीपी, पासवर्ड आणि अंगठ्याचा ठसा, एवढी सामग्री हाती आली की चोराला चेहऱ्याची गरज उरत नाही. तो शेकडो मैल दूर बसून त्या माणसाच्या नावाने कर्ज काढतो, सिमकार्ड घेतो, पैसे उचलतो, आणि प्रसंगी त्याच सिमकार्डावरून तिसऱ्यालाही फसवितो. मग पोलीस येतात ते ज्याच्या नावाचे सिमकार्ड आहे, त्याच्या दारात.

कायद्याने ह्या कृत्याला स्वतंत्र गुन्हा मानले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ साली त्यात दुरुस्ती होऊन कलम ६६-क घातले गेले व २००९ पासून ते अमलात आले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची अन्य खास खूण लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. संगणकाच्या वा मोबाइलच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यासाठी ६६-ड हे कलम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९ तोतयेगिरीच्या फसवणुकीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. तात्पर्य, पासवर्ड अथवा ओळख क्रमांक ही मालकीची वस्तू आहे आणि तिची चोरी ही चोरीच आहे, हे कायद्याने मान्य केले आहे. गावाने ते अजून मनाने मान्य करावयाचे आहे.

जिल्ह्यातच घडलेले उदाहरण

ही संकटे मुंबई-पुण्याची, खेड्याला त्यांची झळ नाही, अशी समजूत पुष्कळांची असते. ती दूर करण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. यवतमाळ जिल्ह्याच्याच आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे गाव आहे. गावची वस्ती दीड हजाराच्या आतबाहेर. २०२५ सालच्या अखेरीस असे उघडकीस आले की, ह्या एवढ्याशा गावाच्या नावावर अवघ्या तीन महिन्यांत सुमारे २७ हजार जन्मांची नोंद झाली होती. गावातील पाळण्यांची संख्या अर्थातच तेवढी नव्हती. जन्ममृत्यू नोंदणीच्या संगणक प्रणालीत त्या ग्रामपंचायतीच्या नावे प्रवेश करून ह्या नोंदी चढविल्या गेल्या, असे समोर आले. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला व तपास सुरू झाला. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि ते त्याच्यावरच सोपविले पाहिजे.

परंतु शिक्षकाने त्यातून घ्यावयाचा बोध तपासावर अवलंबून नाही. येथे एका माणसाची नव्हे, तर एका गावाची ओळख उसनी घेतली गेली. गावाच्या नावाची किल्ली परक्याच्या हाती पडली, आणि जे कधी ह्या मातीवर रांगले नाहीत अशा हजारोंचे जन्म तिने कागदावर घडविले. जन्मनोंदीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली; १ ऑक्टोबर २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढील अनेक कामांत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा धरावयाचा आहे. म्हणजे आज जी खोटी नोंद संगणकात चढेल, ती उद्या शाळेच्या दाखलखारीज पुस्तकात, परवा मतदार यादीत आणि तेरवा आणखी कोठे खरी म्हणून उतरेल. पहिली पायरीच खोटी असली, की पुढचा जिना सरळ दिसला तरी भरवशाचा राहत नाही.

शाळेचे कपाट

ग्रामपंचायतीप्रमाणेच गावाच्या ओळखीची दुसरी किल्ली शाळेत असते. मुख्याध्यापकाच्या खोलीतील लोखंडी कपाट उघडून पाहावे. त्यात दाखलखारीज पुस्तक असते. हे पुस्तक केवळ शाळेचे नाही, ते गावाच्या वंशावळीचे दप्तर आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा लोक शेवटी येतात ते ह्या पुस्तकापाशी. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हाही जुन्या शाळांची जीर्ण पुस्तकेच पुढे काढावी लागली. पूर्वी कोण्या गुरुजींनी टाकाने नीट लिहिलेली एक ओळ आज एखाद्या मुलीच्या वैद्यकीय शिक्षणाचा दरवाजा उघडते. ज्याने ती ओळ लिहिली त्याला ती मुलगी ठाऊक नव्हती; परंतु तिची ओळख त्याने राखली.

त्याच कपाटात आज आणखीही बरेच काही असते. मुलांच्या आधारच्या झेरॉक्स प्रती, पालकांच्या बँक पासबुकाची पहिली पाने, शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, छायाचित्रे. एका लहानशा शाळेतही शंभर कुटुंबांच्या ओळखीचे साहित्य एका गठ्ठ्यात बांधलेले सापडते. चोराला घरोघर हिंडण्याचे कष्ट वाचविणारा असा गठ्ठा दुसरा नाही. तो कसा राखला जातो, हा प्रश्न प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावा.

जुन्या झेरॉक्स प्रती रद्दीत जातात आणि रद्दी बाजारात. ढाणकीच्या बाजारात ज्या कागदात शेव-चिवडा बांधून मिळतो, त्या कागदावर एखाद्या मुलाचे नाव, जन्मतारीख आणि बारा अंक छापलेले असणे अशक्य नाही. यास्तव काम संपलेल्या प्रती नियमानुसार नष्ट कराव्यात. फाडून, जाळून, परंतु रद्दीत घालून नव्हे. कपाटाला कुलूप असावे, आणि त्याची किल्ली दाराच्या खिळ्याला टांगलेली नसावी.

दुसरी सवय व्हॉट्सॲपच्या गटाची. ‘आजच माहिती पाठवा’ असा निरोप येतो. घाईघाईने पालकांच्या आधारची छायाचित्रे गटावर टाकली जातात. गटात चाळीस-पन्नास माणसे. त्यांतील कोणाचा मोबाइल कोणाच्या हाती जाईल ह्याचा नेम नाही. एकाच्या कामासाठी दिलेला कागद पन्नास हातांत गेला. पालकाने तो गुरुजींना दिला होता, गटाला नव्हे. माहिती मागणाऱ्याकडे ती थेट आणि अधिकृत मार्गानेच जावी, आणि जेवढी मागितली आहे तेवढीच जावी.

तिसरी सवय पासवर्डाची. यू-डायस, सरल, शालार्थ, शिष्यवृत्ती अशा प्रत्येक कामाला शाळेचा वेगळा प्रवेश असतो. गावात नेट चालत नाही, शाळेत शिक्षक दोनच, वर्ग पाच. मग मुख्याध्यापक तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणक केंद्राच्या मुलाकडे देतात आणि ‘तेवढे भरून टाक’ म्हणतात. ही अडचण खरी आहे व तिची थट्टा करू नये. परंतु कामासाठी केंद्रात जावेच लागले, तर शेजारी बसून स्वतःच्या हाताने पासवर्ड घालावा, काम संपताच प्रणालीतून बाहेर पडावे, घरी आल्यावर पासवर्ड बदलावा. शाळेचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा पासवर्ड म्हणजे उघड्या दाराला लावलेली कडी होय. बदली झाल्यावर पदभार देताना जशी कपाटाची किल्ली मोजून दिली जाते, तसेच पासवर्ड बदलून घेणे हाही पदभाराचा भाग मानावा. शेंदुरसनीचे उदाहरण ह्यासाठीच ध्यानी ठेवावयाचे.

पालकांची संमती ही केवळ औपचारिकता समजू नये. अपार क्रमांकासाठी संमतिपत्र घ्यावे लागते, ते वाचून दाखवून घ्यावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने आधारसंबंधीच्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे सांगितले आहे. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला विशेष महत्त्व दिलेले आहे. मुलाची माहिती ही शाळेजवळ असलेली ठेव आहे. ठेव ठेवून घेणाऱ्याला ती उधळण्याचा अधिकार नसतो.

घरोघर सांगावयाच्या गोष्टी

शिक्षकाच्या शब्दाला गावात अजून मोल आहे. पालकसभेत, मातापालकांच्या बैठकीत पुढील गोष्टी त्याने साध्या भाषेत सांगाव्यात.

पहिली गोष्ट, झेरॉक्स प्रतीची. कोणासही आधारची प्रत देताना तिच्यावर आडवी सही करून ‘केवळ अमुक कामासाठी’ असे लिहावे व तारीख घालावी. सिमकार्डासाठी दिलेली प्रत मग कर्जाच्या अर्जाला जोडता येत नाही. पहिले आठ अंक झाकलेले, केवळ शेवटचे चार अंक दाखविणारे आधारपत्र आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते; जेथे चालत असेल तेथे तेच द्यावे. ऊसतोडीला जाताना मुकादमाकडे मूळ कागद ठेवण्याची रीत असेल तर ती मोडावी. उचल घेतली म्हणून ओळख गहाण पडत नाही.

दुसरी गोष्ट, अंगठ्याची. गावोगावी ग्राहक सेवा केंद्रांत आधार आणि अंगठा यांवर पैसे मिळतात. म्हाताऱ्या माणसांची त्यामुळे तालुक्याची खेप वाचली, हे ह्या सोयीचे मोठे पुण्य आहे. परंतु ‘ठसा उमटला नाही, पुन्हा लावा’ असे सांगून दोनदा पैसे काढले जाण्याचा धोकाही तिच्यातच आहे. म्हणून प्रत्येक वेळी पावती मागावी, ती वाचून घ्यावी, आणि ‘व्यवहार झाला नाही’ असे सांगितले गेल्यास तशीही पावती मागावी. पासवर्ड गेला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. म्हणून ज्यांना अंगठ्याचे व्यवहार करावयाचे नाहीत त्यांनी आधारच्या ॲपमधून अथवा संकेतस्थळावरून आपल्या ठशांना कुलूप लावून ठेवावे. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असावा लागतो. आधारविषयीच्या शंकांसाठी १९४७ ह्या क्रमांकावर विचारता येते. हे वर्ष विसरण्यासारखे नाही, म्हणून क्रमांकही विसरण्यासारखा नाही.

तिसरी गोष्ट, सिमकार्डाची. स्वतःच्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी ह्या संकेतस्थळावर पाहता येते व जो आपला नाही तो तेथेच कळविता येतो. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावे नऊपर्यंत सिमकार्डे घेता येतात. एवढी मोकळीक असल्यामुळे न कळत चढलेले दहावे नव्हे, तिसरे-चौथेच सिमकार्ड घातक ठरते. चालू मोबाइलचे नेटवर्क अकारण बराच वेळ गेले, तर ‘टॉवर गेला असेल’ म्हणून स्वस्थ न बसता कंपनीकडे चौकशी करावी. आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढले असण्याचा संभव असतो.

चौथी गोष्ट शिक्षकांनी स्वतःसाठीच लक्षात ठेवावी. नियमित पगार असलेल्या माणसाचे पॅन आणि पगारपत्रक ह्यांना कर्जाच्या बाजारात मोठा भाव आहे. त्यांच्या आधारे त्याच्या नावाने कोणी कर्ज उचलले, तर ते त्याला कळते ते बहुधा वसुलीचा फोन आल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मागविता येतो. वार्षिक परीक्षेचा निकाल लावल्यानंतर शिक्षकाने आपलाही हा निकाल एकदा पाहून घ्यावा. न घेतलेले कर्ज त्यात दिसले, तर ताबडतोब लेखी हरकत घ्यावी.

पाचवी गोष्ट, आशा आणि भीती ह्यांची. तोतयाची जुनी दोन हत्यारे तीच. ‘शेतकरी योजनेचा हप्ता मंजूर झाला, ही फाइल उघडा’ ही आशा. ‘तुमचे आधार गुन्ह्यात सापडले, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणास सांगू नका’ ही भीती. अनोळखी माणसाने पाठविलेली ॲपची फाइल उघडू नये. ती मोबाइलच्या आत बसून सर्व निरोप चोरास वाचून दाखविते. आणि डिजिटल अटक नावाची गोष्ट भारतीय कायद्यात कोठेही नाही. खरा पोलीस फोनच्या पडद्यावर कोणास कोंडून ठेवीत नाही आणि सुटकेसाठी पैसे मागत नाही. ‘कोणास सांगू नका’ हे शब्द ऐकू आले, की तत्क्षणी कोणास तरी सांगावे. ह्याहून सोपी कसोटी नाही.

वर्गातील धडा

आता पुन्हा त्या चौथीतील मुलाकडे वळले पाहिजे. ज्या घरात मोठी माणसे निरक्षर किंवा अल्पशिक्षित आहेत, त्या घरात मोबाइलवरील निरोप वाचणारा एकमेव माणूस शाळेत जाणारे मूल असते. त्याला वाचता येते ही त्या घराची शक्ती आहे, आणि सावध न केल्यास तीच त्या घराची उघडी खिडकीही आहे. म्हणून हा विषय शिक्षकाने अवांतर समजू नये. तो वाचन-शिक्षणाचाच भाग आहे.

त्यासाठी निराळा तास नको, साहित्य नको. परिपाठातील पाच मिनिटे पुरेत. एका मुलाच्या हाती चिठ्ठी द्यावी. तिच्यावर सहा आकडे लिहिलेले असावेत. दुसऱ्या मुलाने बँकेचा साहेब व्हावे, तिसऱ्याने घाबरलेली आजी. साहेबाने गोड बोलावे, मग दरडवावे, मग लाडीगोडी लावावी. चिठ्ठी धरणाऱ्याने आकडे सांगू नयेत. इतर मुलांनी त्याला कोणती उत्तरे द्यावीत ते सुचवावे. मुलांना नाटकाची गोडी असते. दोन दिवसांत साऱ्या शाळेला हा खेळ पाठ होतो आणि तिसऱ्या दिवशी तो घरी पोहोचतो.

खेळानंतर तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत. निरोप आधी मनात वाचावा. आकडे असतील तर ते फोनवर कोणास सांगू नयेत. शंका आली तर फोन ठेवावा आणि मोठ्या माणसाला किंवा गुरुजींना, बाईंना विचारावे. तिसरीच्या मुलालाही समजतील अशी ही वाक्ये आहेत. ज्या वर्गात ‘मनात वाचा’ ही सूचना रोज दिली जाते, त्या वर्गात तिला हा नवा अर्थ सहज देता येईल.

चोरी झालीच तर

इतके करूनही एखादे घर फसेल. तेव्हा पहिल्या तासाला महत्त्व असते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. ते वाटेत अडविता आले तरच परत मिळण्याची आशा. म्हणून १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, बँकेला कळवून खाते थांबवावे, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन ह्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. फोन कोणत्या क्रमांकावरून आला, किती वाजता आला, किती रक्कम गेली, हे त्याच वेळी वहीत लिहून ठेवावे व मोबाइलमधील निरोप पुसू नयेत. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येतो. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर नव्या फौजदारी कायद्याने चालत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेले तत्त्वही पालकांना सांगावे: चूक ग्राहकाची वा बँकेची नसून बाहेरच्याची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर तोटा ग्राहकावर पडत नाही, परंतु ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळविण्यापूर्वी झालेला तोटा त्यालाच सोसावा लागतो. दोन्ही बाबतींत लवकर कळविणाऱ्याचाच लाभ आहे.

तथापि लवकर कळविण्याच्या आड सर्वांत मोठी धोंड येते ती लाजेची. फसलेला माणूस गप्प बसतो. लोक हसतील, मुले बोलतील, सून टोमणा मारील, ह्या भयाने आजी महिनाभर कोणास सांगत नाही; आणि ज्या मुलाने आकडे वाचले ते मूल तर अपराधी भावनेने वर्गात मुके होऊन बसते. अशा वेळी शिक्षकाचे पहिले वाक्य ‘तुला एवढेही कळले नाही का’ हे असू नये. घर फोडले गेले, तर घरमालकाला कोणी हसत नाही. मग ओळख चोरीला गेली तर का हसावे? गुन्हा चोराचा आहे. पेशव्यांच्या कारभारात मुरलेली माणसे जेथे तोतयाला फसली, तेथे तांड्यावरची आजी फसली ह्यात नवल नाही. त्या मुलाला जवळ घ्यावे, त्याच्याच हातून १९३० हा क्रमांक लावून घ्यावा. ज्या वाचनाने नुकसान झाले, त्याच वाचनाने ते भरून काढण्याचा पहिला प्रयत्न झाला, एवढे जरी त्या मुलाला दिसले, तरी त्याचे मुके होणे टळेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, गुरुजींनी टाकाने लिहिलेल्या त्या ओळींनी दोन-तीन पिढ्यांची ओळख सांभाळली. आजच्या शिक्षकाच्या हाती टाक नाही, पासवर्ड आहे. दप्तर एका कपाटात नाही, संगणकाच्या जाळ्यात आहे. आणि गावाची राखण मात्र पूर्वीइतकीच त्याच्याकडे आहे. हे भाषण ऐकून परत गेल्यावर उद्या सकाळी दोनच कामे करावीत. शाळेचा पासवर्ड बदलावा, आणि परिपाठात सहा आकड्यांची चिठ्ठी एका मुलाच्या हाती द्यावी. दोन्हींना मिळून दहा मिनिटे लागतील.